भिंतींवर भरणारी शाळा : रूबल नागी यांचे कार्य आणि त्यामागील विचार

मुंबई : झोपडपट्टीतील घराची बाहेरची भिंत ही त्या घरापुरतीच नसते. गल्ली चार फुटांची असली की समोरच्या घरातील मुलांना दिवसभर दिसणारा फलकही तीच असतो. या भिंतीवर रंगांनी अक्षरे, आकडे आणि चित्रे उमटवली तर शाळेत न पोहोचलेले मूल निदान तिच्यासमोर तरी थांबेल, या विचारावर दोन दशकांहून अधिक काळ काम करणाऱ्या चित्रकार-शिक्षिका रूबल नागी यांना २०२६ चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दुबई येथे भरलेल्या जागतिक सरकार शिखर परिषदेत ५ फेब्रुवारी रोजी त्यांना हा सन्मान प्रदान करण्यात आला. पुरस्काराची रक्कम १० लाख अमेरिकी डॉलर, म्हणजे सुमारे ९ कोटी रुपये आहे.

महाराष्ट्राला या पुरस्काराची ओळख आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये हाच पुरस्कार मिळाला होता. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा वापर करणारे शिक्षक म्हणून ते ओळखले गेले आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. डिसले यांनी पुस्तकाच्या पानाला तंत्रज्ञान जोडले. नागी यांनी पुस्तकाचे पानच वस्तीच्या भिंतीवर नेले. दोघांपुढील प्रश्न मात्र एकच होता. शिक्षणाच्या नेहमीच्या वाटेवर ज्या मुलांचे पाऊल अडखळते, त्यांच्यापर्यंत पोहोचायचे कसे?

चित्रकलेकडून वर्गाकडे

रूबल नागी यांचा जन्म जम्मू-काश्मीरमधील. लंडन येथील स्लेड कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे, तर सदबीज संस्थेत युरोपीय कलेचे शिक्षण घेतले. चित्रे, शिल्पे आणि भित्तिचित्रे या तिन्ही प्रकारांत त्यांनी काम केले असून त्यांच्या नावावर आठशेहून अधिक भित्तिचित्रांची नोंद आहे. कलादालनात चित्रे मांडणाऱ्या, इमारतींच्या दर्शनी भागांसाठी मोठी कामे करणाऱ्या यशस्वी कलावंताची वाट त्यांच्यासमोर मोकळी होती.

ती वाट त्यांनी सोडली नाही, पण तिच्या शेजारी दुसरी वाट तयार केली. नागी यांनी सांगितल्याप्रमाणे या कामाची सुरुवात तीस मुलांच्या एका लहानशा कार्यशाळेपासून झाली. पुढे रूबल नागी आर्ट फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. पुरस्काराच्या घोषणेसोबत प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार संस्थेने देशभरात आठशेहून अधिक अध्ययन केंद्रे सुरू केली असून दहा लाखांहून अधिक मुलांपर्यंत तिचे काम पोहोचले आहे. सहाशेहून अधिक शिक्षकांना संस्थेने प्रशिक्षण दिल्याचेही त्यात नमूद आहे.

हे आकडे मोठे आहेत. कामाचे स्वरूप समजून घेण्यासाठी मात्र आकड्यांच्या आधी भिंतीकडे पाहावे लागते.

ग्राफिटी, भित्तिचित्र आणि परवानगी

‘ग्राफिटी’ हा शब्द ओरखडा काढणे या अर्थाच्या इटालियन शब्दापासून आला. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराच्या भिंतींवर नागरिकांनी कोरलेले मजकूर आजही वाचता येतात. आधुनिक ग्राफिटी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियात आणि सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये वाढली. रंगाचा फवारा मारणारा डबा, रात्रीची वेळ आणि कुणालाही न विचारता उमटवलेले नाव ही तिची ओळख होती. ज्यांचे नाव शहरात कुठेच नव्हते, त्यांनी ते भिंतीवर लिहिले.

या कलेतूनच लोकशिक्षणाकडे वळलेले कलावंतही निघाले. अमेरिकी चित्रकार कीथ हेरिंग १९८० पासून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या फलकांवर खडूने चित्रे काढत असे. १९८६ मध्ये त्याने अमली पदार्थांच्या विरोधातील संदेश एका मैदानाच्या भिंतीवर रंगवला, तोही परवानगीविना. लहान मुलांसोबत मोठी चित्रे रंगवण्याच्या कार्यशाळा त्याने पुढे अनेक ठिकाणी घेतल्या.

भारतात हा विषय कायद्याशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा १९९५ पासून अस्तित्वात आहे. संरक्षित स्मारकांच्या बाबतीत नियम अधिक कडक असून गडकिल्ल्यांच्या किंवा लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यास केंद्रीय कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्यामुळे भिंतीवरचे कोणते चित्र कला ठरते आणि कोणते विद्रूपीकरण, याचा पहिला निकष परवानगी हा आहे.

नागी यांच्या कामात ग्राफिटीचा मोठा आकार, ठसठशीत रेषा, भडक रंग आणि रस्त्यावरचा प्रेक्षक हे सारे आहे. चोरटेपणा मात्र नाही. घर ज्याचे, भिंत त्याची आणि संमतीही त्याचीच, या पायावर ते उभे आहे. ही संमती कागदापुरती नसते. आपल्या दारासमोर काय रंगवले जाणार याचा निर्णय ज्या कुटुंबाने घेतला, ते कुटुंब पुढे ती भिंत जपते.

मिसाल मुंबई

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील ४० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. शहराच्या नकाशावर या वस्त्या दाटीच्या पट्ट्यांसारख्या दिसतात. आत गेल्यावर त्या पत्रा, वीट आणि प्लास्टिकच्या असंख्य भिंतींच्या बनलेल्या असतात. ‘मिसाल मुंबई’ या उपक्रमातून नागी यांनी अशा वस्त्या रंगवण्याचे काम हाती घेतले. पुढे तोच उपक्रम ‘मिसाल इंडिया’ या नावाने मुंबईबाहेरील वस्त्यांत आणि खेड्यांतही गेला.

अशा कामाची रीत वरवर दिसते तेवढी सोपी नसते. मुंबईत जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात. सुटलेले पोपडे खरवडल्याशिवाय, भेगा बुजवल्याशिवाय आणि प्रायमरचा हात दिल्याशिवाय रंग टिकत नाही. पत्र्यासाठी एक रंग, सिमेंटच्या गिलाव्यासाठी दुसरा. गल्लीत शिडी उभी केली की येणे-जाणे थांबते, म्हणून लोकांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. साहजिकच बाहेरून आलेल्या कलावंताला वस्तीशी बोलल्यावाचून ब्रश उचलता येत नाही. रंगकामाच्या निमित्ताने होणारे हे बोलणे हाच या पद्धतीचा गाभा आहे. कोणत्या घरातील मूल शाळेत जात नाही, कोण धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहते, कोण कामावर जाते, हे सर्वेक्षणाच्या कागदापेक्षा रंगाच्या डब्याजवळ लवकर कळते.

भिंत शिकवते कशी

नागी यांच्या या भित्तिचित्रांना ‘अध्ययनाच्या जिवंत भिंती’ असे म्हटले जाते. पडीक आणि दुर्लक्षित भिंतींवर साक्षरता, गणित, विज्ञान आणि इतिहास यांचे धडे चित्ररूपाने मांडायचे आणि मुलांना त्यांच्याशी खेळू द्यायचे, अशी ही कल्पना आहे.

तिच्यामागे शिक्षणशास्त्रातील साधी तत्त्वे आहेत. पहिले तत्त्व पुनरावृत्तीचे. पुस्तक मिटते, दप्तर खुंटीला लागते. नळावर जाताना आणि येताना दिसणारी भिंत दिवसातून दहा वेळा वाचली जाते. दुसरे तत्त्व भयमुक्तीचे. भिंतीसमोर चुकले तर कोणी ओरडत नाही. तिसरे तत्त्व सामायिकतेचे. एकाच वेळी थोरली बहीण, धाकटा भाऊ आणि कधी शाळेत न गेलेली आई अशा तिघांनाही ती भिंत दिसते. प्रौढांच्या साक्षरतेसाठी वेगळा वर्ग भरवला तर लाजेमुळे अनेक जण येत नाहीत. घराच्या दारातील अक्षरे ओळखण्यास कसलीही लाज वाटत नाही.

शाळेच्या इमारतीलाच शैक्षणिक साहित्य मानण्याचा विचार भारतात यापूर्वीही झाला आहे. वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांनी विकसित केलेल्या ‘बाला’ या संकल्पनेत दाराच्या खाली जमिनीवर कोनमापक रंगवले जाते. दार जितके उघडेल तितका कोन मुलांना दिसतो. खिडकीच्या गजांतून, पायऱ्यांवरून, पंख्याच्या पात्यांवरून गणित आणि भाषा शिकवण्याच्या अनेक युक्त्या त्यात आहेत. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात ही संकल्पना अनेक राज्यांतील सरकारी शाळांत पोहोचली. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ हे याच विचाराचे घरचे रूप. फरक एवढाच की या भिंती शाळेच्या आवारात असतात आणि शाळेत येणाऱ्या मुलांशीच बोलतात. नागी यांनी बोलकी भिंत शाळेच्या फाटकाबाहेर, शाळेत न येणाऱ्या मुलाच्या दारात नेली.

भिंतीवर लोकांना शिकवण्याची परंपरा त्याहूनही जुनी आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरील जातककथा अक्षरे न येणाऱ्या भाविकांनाही कळत होत्या. पालघर जिल्ह्यातील वारली स्त्रिया गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत आल्या. त्या परंपरेला जिव्या सोमा म्हशे यांनी सत्तरच्या दशकापासून जगासमोर नेले. मेक्सिकोत १९२१ मध्ये शिक्षण खात्याचे प्रमुख झालेले होसे वास्कोन्सेलोस यांनी देशाचा इतिहास निरक्षर जनतेपर्यंत नेण्यासाठी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या हाती दिल्या. दिएगो रिवेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत १९२३ पासून रंगवलेली भित्तिचित्रे त्यातूनच साकारली.

भिंतीच्या पुढची पायरी

तरीही केवळ भिंत पुरेशी नसते, याचा धडा भारतातच मिळालेला आहे. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी एका भिंतीत संगणक बसवला आणि शेजारच्या झोपडपट्टीतील मुले तो स्वतःहून हाताळू लागली. ‘भिंतीतील भोक’ म्हणून हा प्रयोग जगभर गाजला. मुलांची शिकण्याची स्वाभाविक ओढ त्यातून ठळकपणे दिसली. मात्र शिक्षकाचा आधार नसेल तर असे शिकणे किती खोल जाते आणि किती काळ टिकते, असे प्रश्न अभ्यासकांनी नंतर उपस्थित केले.

नागी यांच्या पद्धतीत भिंत हे आमंत्रण आहे आणि अध्ययन केंद्र हे घर. चित्रासमोर थांबलेले मूल केंद्रात येते, तेथे त्याला अक्षरओळख, आकडेमोड आणि चित्रकला यांसोबत नियमित बसण्याची सवय लागते आणि त्यानंतर औपचारिक शाळेकडे नेण्याचा प्रयत्न होतो. बालमजुरी, लवकर होणारी लग्ने, अनियमित हजेरी आणि सुविधांचा अभाव हे अडथळे गृहीत धरूनच केंद्रांची आखणी केली जाते. काम करणाऱ्या मुलांसाठी वेळा लवचीक ठेवल्या जातात. टाकाऊ वस्तूंपासून शैक्षणिक साधने बनवली जातात. हाताला उपयोगी पडेल असे काही कौशल्यही शिकवले जाते, कारण शिकण्याचा तात्काळ फायदा दिसला नाही तर रोजंदारीवर जगणारे कुटुंब मुलाला पुन्हा कामाकडे वळवते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण मिळणे बंधनकारक आहे. नाव नोंदवण्याचा प्रश्न त्यामुळे बराच सुटला. टिकण्याचा प्रश्न उरला. सरकारी आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये माध्यमिक स्तरावरील गळतीचे प्रमाण १२.६ टक्के होते. कायद्याचे संरक्षण जेथे संपते, त्याच वयात घरची ओढाताण सर्वाधिक असते. संस्थेच्या केंद्रांमुळे गळती निम्म्याहून अधिक घटल्याचे पुरस्काराच्या घोषणेत म्हटले आहे.

सोलापूरचा दाखला

भिंतीवरच्या शाळेचे महत्त्व कोरोनाकाळात महाराष्ट्राने अनुभवले. शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर गेले, तेव्हा तो पडदा सर्वांच्या घरी नव्हता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीनुसार देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते.

सोलापुरातील नीलमनगर हा यंत्रमाग आणि वस्त्रोद्योगातील कामगारांचा भाग. तेथील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी सुमारे ३०० घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पहिली ते दहावीचे पाठ रंगवून घेतले. मुले अंतर राखून एकेका भिंतीसमोर उभी राहत, वाचत आणि पुढच्या भिंतीकडे जात. पश्चिम बंगालमधील जामुडिया परिसरात दीपनारायण नायक या शिक्षकानेही मातीच्या भिंतींवर काळे फळे रंगवून रस्त्यावर वर्ग भरवले. २०२३ च्या जागतिक शिक्षक पुरस्काराच्या अंतिम दहा जणांत त्यांची निवड झाली होती. मुंबई, सोलापूर आणि बंगाल येथील या माणसांनी वेगवेगळ्या गरजेपोटी एकच साधन निवडले, कारण गरिबाच्या वस्तीत फुकट आणि मुबलक असे एकच साहित्य असते : भिंत.

रंग कशाला झाकतो?

झोपडपट्ट्या रंगवण्याच्या उपक्रमांवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. पाणी, संडास, गटार आणि पक्के घर यांची उणीव असलेल्या वस्तीवर रंग फासला की ती दुरून देखणी दिसते आणि प्रश्न नजरेआड होतो. मुंबई मेट्रोतून दिसणारी घाटकोपरजवळची असल्फा टेकडी एका वेगळ्या उपक्रमातून रंगवली गेली, तेव्हा तिची तुलना इटलीतील सागरकिनाऱ्याच्या गावाशी झाली आणि त्याच वेळी हा प्रश्नही विचारला गेला. ब्राझीलमधील रिओ शहराच्या डोंगरवस्तीत डच कलावंतांनी २०१० मध्ये घरे रंगवली, तेव्हाही कौतुकासोबत हीच चर्चा झाली. रंगीत वस्ती पर्यटकांच्या छायाचित्रांचा विषय होते. राहणाऱ्यांच्या नळाला त्यामुळे पाणी येत नाही.

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर रंगाच्या दर्जात सापडत नाही. चित्र कोणासाठी काढले आहे, यात ते सापडते. रेल्वेतून किंवा उड्डाणपुलावरून जाणाऱ्याला सुखावणारे चित्र उंचावर आणि दर्शनी बाजूस असते. मुलाला शिकवणारे चित्र त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, आतल्या गल्लीत असते. बाहेरच्याला ते कदाचित दिसणारही नाही. भिंतीच्या शेजारी केंद्र आहे का, केंद्रात शिक्षक आहे का आणि तो पुढच्या वर्षीही असेल का, या तीन प्रश्नांवरूनच अशा प्रत्येक उपक्रमाचे मोल ठरवावे लागेल.

दुसरी मर्यादा काळाची. मुंबईच्या दोन-तीन पावसाळ्यांत रंग उडतो, घरे वाढवली जातात, वस्तीचा पुनर्विकास होतो. आज रंगवलेली भिंत काही वर्षांनी उभी असेलच, याची खात्री देता येत नाही. त्यामुळे भिंत पुन्हा रंगवण्याची जबाबदारी वस्तीतील तरुणांनी उचलणे हीच टिकावाची खरी कसोटी ठरते.

कलेचे शिक्षणातील स्थान

जागतिक शिक्षक पुरस्कार २०१५ मध्ये सुरू झाला आणि नागी या त्याच्या दहाव्या मानकरी आहेत. वार्की फाउंडेशन युनेस्कोच्या सहकार्याने तो देते. २०१८ मध्ये लंडनमधील कलाशिक्षिका आंद्रिया झाफिराकू यांना तो मिळाला होता. दहापैकी दोनदा हा मान कलेच्या वाटेने शिकवणाऱ्या स्त्रियांकडे गेला, ही बाब भारतीय शाळांनी लक्षात घेण्याजोगी आहे. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये कलेचा मेळ घालून सर्व विषय शिकवण्यावर भर आहे. प्रत्यक्षात चित्रकलेचा तास अनेक शाळांत गणिताच्या जादा तासाला दिला जातो आणि चित्रकला शिक्षकाची जागा रिकामी राहते. ज्या मुलाला लिहिता येत नाही, त्याला रेघ ओढता येते; शाळेत त्याला येणारी ती पहिली गोष्ट असू शकते. तिच्यापासून सुरुवात केली तर त्याला आपण शिकू शकतो असा विश्वास मिळतो.

पुरस्काराच्या रकमेतून मोफत व्यवसाय प्रशिक्षण देणारी संस्था उभारण्याचा मनोदय नागी यांनी व्यक्त केला आहे. अक्षरओळखीपासून रोजगारापर्यंतची साखळी पूर्ण करण्याचा हा प्रयत्न असेल. वस्तीतील मुलाचे शिक्षण सुटते ते बहुधा कमाईच्या गरजेपोटी. म्हणून कमाईचे शिक्षण त्याच छताखाली मिळाले तर मधल्या इयत्तांतून निसटणारे अनेक हात थोपवता येतील.

देशातील कोणत्याही गावाला किंवा वस्तीला हा प्रयोग आपल्या परीने करता येण्यासारखा आहे. एक भिंत, घरमालकाची संमती, चार रंग आणि रोज तासभर त्या भिंतीजवळ थांबणारी एक व्यक्ती एवढेच त्यासाठी लागते. यातील पहिल्या तीन गोष्टी एका दिवसात जमतात. चौथीसाठी समाजाने शिक्षक घडवावा लागतो, आणि सहाशेहून अधिक शिक्षकांचे प्रशिक्षण हा नागी यांच्या कामातील सर्वांत कमी दिसणारा, पण सर्वांत टिकाऊ भाग म्हणावा लागेल.